घरात पिल्लू आलंय? त्याच्या जंतांचं वेळापत्रक आधी समजून घ्या

पावसाळा सरता सरता ठाण्या-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये, गाड्यांखाली पिल्लं दिसायला लागतात. त्यांतलं एखादं मुलांच्या हट्टापायी वर घरात येतं. कुणाकडे मांजरीचं पोर येतं, कुणी दुकानातून लॅब्रेडॉर आणतं. मग शेजारपाजारून सूचना सुरू होतात: मुलांना हात लावू देऊ नका, पोटात जंत होतील, घरात बाळंतपण असेल तर मांजर आधी बाहेर काढा. या सूचनांमध्ये थोडं खरं आहे आणि बरंच अर्धवट आहे. नव्याने प्राणी पाळणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून नेमकं काय करायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: वेळ. बहुतेक जंतांचं अंडं प्राण्याच्या शीतून बाहेर पडतं तेव्हा ते माणसाला बाधू शकत नाही. ते तयार व्हायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. त्याआधी शी उचलली गेली आणि औषध ठरल्या तारखेला पोटात गेलं, तर धोक्याचा मोठा भाग तिथेच संपतो. म्हणून कोणता जंत किती वेळ घेतो हे आधी पाहू. पुढची प्रत्येक पायरी त्यावरूनच ठरते.

कोणता जंत, किती वेळ

गोल जंत, म्हणजे टॉक्सोकारा, हा पिल्लांमधला सगळ्यात नेहमीचा. शिजलेल्या शेवयांसारखा पांढरट, दहा-पंधरा सेंटिमीटर लांब. पिल्लाच्या उलटीत किंवा शीत कधी कधी जिवंत वळवळताना दिसतो आणि घरातले हादरतात. कुत्रीच्या स्नायूंमध्ये याच्या अळ्या वर्षानुवर्षं झोपून असतात. ती गाभण राहिली की गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात त्या जाग्या होतात आणि वारेतून, म्हणजे गर्भातच, पिल्लाच्या अंगात जातात. काही नंतर दुधातून जातात. त्यामुळे आई धष्टपुष्ट दिसत असली तरी पिल्लू जन्मतःच जंत घेऊन येतं, असंच धरून चालायचं. तीन आठवड्यांचं झालं की त्याच्या शीतून अंडी पडू लागतात, आणि एक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते. मांजरीच्या पोरांना गर्भात लागण होत नाही, दुधातून होते.

हे अंडं मातीत साधारण दोन ते चार आठवडे राहिल्यावर बाधण्याइतकं तयार होतं. आपल्याकडच्या उष्ण, दमट हवेत हा काळ लांबत नाही. एकदा तयार झालेलं अंडं सावलीतल्या ओलसर मातीत वर्षानुवर्षं टिकतं. म्हणजे कुत्र्याने हात चाटला, त्याला कुशीत घेतलं, यापेक्षा महिन्यापूर्वी जिथे शी पडून राहिली त्या मातीत खेळलेले हात तोंडात जाणं हा मोठा धोका आहे. प्राण्याला दूर ठेवून मुलाला मात्र बागेतून आल्यावर हात न धुता खाऊ देणारी घरं खूप आहेत. तिथे काळजी चुकीच्या जागी खर्च होते.

माणसाच्या आतड्यात अंडं फुटलं की अळी बाहेर येते, पण माणसाच्या शरीरात तिचा पूर्ण जंत होत नाही. ती भरकटते: यकृतात, फुप्फुसात, क्वचित डोळ्यात. म्हणूनच या आजारात माणसाची शी तपासून काहीही सापडत नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

अंकुशकृमी, म्हणजे हुकवर्म, जेमतेम सेंटिमीटरभर असतो. आतड्याच्या भिंतीला चावून रक्त पितो. लहान पिल्लू पांढरंफटक पडलं, हिरड्यांचा रंग उडाला, शी डांबरासारखी काळी झाली, तर संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही, त्याच वेळी डॉक्टरकडे न्यायचं. याचं अंडं एक-दोन दिवसांत फुटतं आणि आठवडाभरात अळी तयार होते. तिला तोंडातून आत जायची गरज नसते. ओल्या मातीवर टेकलेल्या उघड्या कातडीतून ती शिरते. जून ते सप्टेंबर हा तिचा हंगाम. कोरडं ऊन मात्र तिला सोसत नाही. माणसाच्या पायावर, मांडीवर किंवा बसायच्या जागी लालसर, उठावदार, नागमोडी रेघ उमटते, भयंकर खाज सुटते आणि रेघ रोज थोडी पुढे सरकते. ही तिचीच वाट. आशियातल्या कुत्रा-मांजरांत आढळणारी याची एक जात, अँकायलोस्टोमा सेलॅनिकम, माणसाच्या आतड्यातही पूर्ण वाढते आणि रक्त पिते.

पिसवांमधून येणारा पट्टकृमी दिसायला किळसवाणा, पण त्यामानाने सौम्य. प्राण्याच्या गुदद्वाराभोवतीच्या केसांत किंवा तो बसतो त्या चादरीवर तांदळाच्या दाण्याएवढे चपटे तुकडे दिसतात. ताजे असताना आखडतात, लांबतात. वाळले की पिवळट होऊन काकडीच्या बीसारखे दिसतात. या तुकड्यांतली अंडी गिळून माणसाला लागण होत नाही, त्यासाठी पिसू गिळावी लागते. रांगणाऱ्या बाळांच्या बाबतीत ते घडतं.

दुसरा पट्टकृमी, एकिनोकॉकस, हा मात्र गंभीर. कुत्र्याच्या पोटात तो काही मिलिमीटरचा असतो, शीत डोळ्यांना दिसत नाही. याचं अंडं बाहेर पडल्या क्षणापासून बाधतं. माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ तयार होते, ती वर्षानुवर्षं गुपचूप वाढते आणि अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. हा जंत कुत्र्याला मिळतो तो शेळ्या-मेंढ्यांच्या कच्च्या काळीज-फुप्फुसातून. त्याबद्दल पुढे येईलच.

जिआर्डिया हा जंत नव्हे, सूक्ष्म एकपेशीय जीव. पिल्लांना मऊ, बुळबुळीत, घाण वासाचे जुलाब देतो. तोही बाहेर पडताक्षणीच बाधू शकतो, पण कुत्र्यांत सापडणारे त्याचे बहुतेक प्रकार कुत्र्यांपुरतेच असतात. माणसाला जिआर्डिया होतो तो बहुधा दूषित पाण्यातून आणि दुसऱ्या माणसाकडून.

एक गैरसमज इथेच दूर करू. रात्री मुलाच्या शीच्या जागी खाज येते, बारीक पांढरे दोऱ्यासारखे जंत दिसतात आणि खापर कुत्र्यावर फुटतं. ते सुतासारखे जंत फक्त माणसाकडून माणसाला होतात. तिथे उपचार घरातल्या माणसांचा करायचा असतो.

पहिली पायरी: वजन आणि शीची तपासणी

प्राणी घरात आला की पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याचं वजन करा. स्वयंपाकघरातला काटा लहान पिल्लाला पुरतो. मोठ्या कुत्र्याला उचलून घरातल्या वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. नजरेने अंदाज बांधू नका. पंचवीस किलोचा वाटणारा लॅब्रेडॉर काट्यावर बत्तीसचा निघतो. मग औषध कमी पडतं, जंत अर्धे मरतात आणि औषध लागू पडत नाही अशी तक्रार होते.

त्यानंतर शीची तपासणी. मेडिकलमध्ये झाकणाची स्टूल तपासणीची डबी मिळते. सकाळची ताजी शी, चमचाभर, जमिनीला न टेकलेल्या वरच्या भागातून घ्या. डबीवर प्राण्याचं नाव, तारीख, वेळ लिहा. दोन-तीन तासांत पोचवणं जमणार नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, वेगळ्या पिशवीत ठेवा. फ्रीझरमध्ये नको, अंडी फुटतात. उन्हात तापलेल्या गाडीतही ठेवू नका. हुकवर्मची अंडी तिथेच उबून जातात आणि काय पाहिलं ते प्रयोगशाळेला ओळखता येत नाही.

डबी देताना एक प्रश्न नक्की विचारा: फ्लोटेशन करणार का? नुसता थेंब काचेवर पसरून पाहिला तर थोडी अंडी असताना ती हुकतात. मीठ किंवा झिंक सल्फेटच्या दाट द्रावणात शी कालवली की अंडी वर तरंगतात आणि सापडतात. दवाखान्यात ही सोय नसेल तर नमुना बाहेर पाठवता येतो का ते विचारा. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं रुग्णालय आहे. ठाण्याहून मध्य रेल्वेने सरळ जाता येतं.

तपासणीत काही आलं नाही म्हणजे पोट साफ, असा अर्थ घेऊ नका. पोटातले जंत अजून अंडी घालायच्या वयाचे नसतील तर शी स्वच्छच दिसते. पट्टकृमीचे तुकडे सगळ्या शीत सारखे मिसळलेले नसतात, तेही निसटतात. जिआर्डियाची शंका असेल तर दिवसाआड तीन नमुने द्यावे लागतात. म्हणून पिल्लाला औषध तपासणीच्या निकालावर अवलंबून न ठेवता वयाप्रमाणे द्यायचं असतं. तपासणीचा खरा उपयोग औषधानंतर काय उरलं आणि नेहमीच्या गोळीत न मोडणारं काही आहे का, हे कळण्यासाठी.

दुसरी पायरी: औषधाच्या तारखा

जंताचं औषध फक्त त्या दिवशी आतड्यात असलेल्या जंतांना मारतं. फुप्फुसातून फिरत असलेल्या अळ्या त्यातून सुटतात आणि दोन-तीन आठवड्यांत आतड्यात उतरतात. म्हणून पिल्लाला एकदा औषध देऊन काहीच साधत नाही.

कुत्र्याच्या पिल्लाला दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात औषध, नंतर सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला. समजा पिल्लू १ नोव्हेंबरला जन्मलं. तारखा येतात १५ नोव्हेंबर, २९ नोव्हेंबर, १३ डिसेंबर, २७ डिसेंबर. मग जानेवारी ते एप्रिल दर महिन्याच्या २७ला. मांजरीच्या पोराला तिसऱ्या आठवड्यापासून सुरुवात करतात, बाकी क्रम तसाच. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचं वय ठाऊक नसेल तर आल्या दिवशी पहिला डोस धरा, चौदा दिवसांनी दुसरा आणि पुढचं डॉक्टरांना पिल्लाचे दात दाखवून, वयाचा अंदाज घेऊन ठरवा. आई जवळ असेल तर पिल्लांच्या बरोबरीने तिलाही द्या. ती पिल्लांची शी चाटून साफ करते, त्यामुळे जंत तिच्याकडे परत येतात.

मोठ्या कुत्रा-मांजराला वर्षातून किमान चार वेळा. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असं ठरवून कॅलेंडरवर लिहून टाका. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, कुणाची प्रतिकारशक्ती उतरलेली असेल किंवा कुत्रा येऊरच्या जंगलासारख्या ठिकाणी मोकळा हिंडत, मिळेल ते खात असेल, तर डॉक्टर महिन्याला एकदा सांगतील, आणि ते बरोबर आहे.

किती द्यायचं? पिल्लांसाठीच्या फेबँटेल आणि पायरँटेल असलेल्या सिरपचं नेहमीचं प्रमाण किलोला १ मिली. पिल्लू २.४ किलोचं असेल तर २.४ मिली. हे चमच्याने होत नाही. सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज घ्या. सिरिंज समोरून घशात सोडू नका, औषध श्वासनलिकेत जाईल. गालाच्या कोपऱ्यातून, थोडं थोडं, गिळू देत द्या. मोठ्या कुत्र्यांच्या नेहमीच्या गोळीत प्राझिक्वांटेल (हे पट्टकृमीवरचं औषध), पायरँटेल आणि फेबँटेल असतं, आणि बहुतेक गोळ्या दहा किलोला एक या हिशेबाच्या असतात. चौदा किलोला दीड गोळी. तरी प्रत्येक वेळी पाकीट वाचा, कारण मोठ्या जातीच्या कुत्र्यांसाठी तीच गोळी जास्त ताकदीचीही मिळते. मांजरासाठी मांजराचीच गोळी. गोळी पनीरच्या किंवा उकडलेल्या चिकनच्या तुकड्यात दडवा. आधी एक रिकामा तुकडा, मग गोळीचा, लगेच तिसरा रिकामा. तिसऱ्याच्या घाईत दुसरा न चावता गिळला जातो. नंतर पाच मिनिटं लक्ष ठेवा. सोफ्यामागे थुंकलेली गोळी ही डोस चुकण्याची फार नेहमीची तऱ्हा आहे.

उपाशी ठेवायची गरज नाही, वर एरंडेल द्यायचीही नाही. पुढचे एक-दोन दिवस शीत जंत दिसले तर औषध काम करतंय. पट्टकृमी बहुधा आतड्यातच विरघळतो, त्यामुळे काही दिसलं नाही म्हणून डोस वाढवू नका. पोट टम्म फुगलेलं पिल्लू औषधानंतर सारखं उलट्या करू लागलं, शी थांबली, निपचित पडलं, तर मेलेल्या जंतांचा गोळा अडकलेला असू शकतो. ही तातडीची बाब आहे.

घरगुती उपायांत लसूण सगळ्यात घातक. लसूण आणि कांदा कुत्रा-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. हुकवर्मने आधीच रक्त ओढलेल्या पिल्लाला लसूण चारणं म्हणजे जीवावर उठणं. मुलांच्या जंताचं अल्बेंडाझोलचं सिरप उरलंय म्हणून पिल्लाला पाजणंही टाळा, त्याने कुत्रा-मांजरांच्या अस्थिमज्जेला इजा होऊ शकते. आणि लस म्हणजे जंताचं औषध नव्हे. रेबीजचं इंजेक्शन झालं की सगळं झालं असं समजणारे पुष्कळ भेटतात. लसीकरणाच्या पुस्तिकेत डीवर्मिंगचं, म्हणजे जंतांच्या औषधाचं, पान वेगळं असतं, ते उघडून पाहा.

तिसरी पायरी: पिसवा

पट्टकृमीचे तुकडे दिसले, गोळी दिली, महिन्याने पुन्हा तुकडे दिसले. गोळी बिघडलेली नसते, पिसवा राहिलेल्या असतात. अंग खाजवताना प्राणी पिसू चावून गिळतो आणि चक्र पुन्हा सुरू होतं.

ओल्या पांढऱ्या टिश्यूवर प्राण्याचे केस विंचरा. काळे कण पडले आणि ओल्या कागदावर त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची शी, म्हणजे पचलेलं रक्त. अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा थोडाच भाग असतो. बाकी अंडी, अळ्या आणि कोष चादरीत, सोफ्याच्या फटीत, लादीच्या सांध्यात. कोषावर कुठलाही फवारा लागू पडत नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेलं मानेवर टाकायचं औषध किंवा गोळी सलग निदान तीन महिने, घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच दिवशी. अंथरुणं आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात धुवा. कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजरावर कधीही टाकू नका. मांजराला झटके येतात, ते मरूही शकतं. दोन्ही प्राणी घरात असतील तर कुत्र्यावर टाकायचं औषधही वेगळं निवडायला सांगा.

चौथी पायरी: शी उचलणं

सगळ्या लेखात सर्वांत जास्त फरक पाडणारी पायरी हीच, आणि तिला पैसे लागत नाहीत. रोजच्या रोज उचलली तर गोल जंताला आठवडे मिळत नाहीत, हुकवर्मला दिवसही मिळत नाहीत.

फिरायला निघताना जुनी वर्तमानपत्रं आणि कागदी पिशवी बरोबर ठेवा. कुत्रा बसला की मागून कागद खाली सरकवला तर जमिनीला लागतच नाही. जुलाब असतील तर मातीसकट वरचा थर खरवडून घ्या. घरी आणून कागद वेगळा करून संडासात टाका, पाणी सोडा. ते जमत नसेल तर कागदात घट्ट गुंडाळून सुक्या-ओल्या कचऱ्यापासून वेगळी पिशवी करा. ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका: नवी मुंबईतल्या कित्येक सोसायट्या आवारातच खत करतात, आणि त्या खड्ड्यांत गोल जंताची अंडी मरतील इतकी उष्णता सगळीकडे पोचत नाही. ते खत मग कुंडीतल्या कोथिंबिरीला जातं. झाडाच्या आळ्यात शी पुरणं हा त्याच चुकीचा दुसरा प्रकार, आणि त्याचा त्रास सर्वांत आधी माळीकाकांना होतो. त्यांच्यासाठी सोसायटीने रबरी हातमोजे आणि बंद बूट द्यायलाच हवेत.

मांजराच्या पेटीतली शी रोज काढा, पेटी आठवड्याला उकळत्या पाण्याने धुवा. पेटीत घालायची गोळे धरणारी वाळू (लिटर) संडासात टाकू नका, नळ तुंबतो.

घरात लादीवर झालं तर आधी कागदाने उचला, साबणाच्या गरम पाण्याने घासा, मग उकळतं पाणी ओता. गोल जंताच्या अंड्याचं कवच चिवट असतं. फिनाईल किंवा ब्लीचने ते मरत नाही. घासून सुटणं आणि उष्णता, हे दोनच उपाय. मांजर असलेल्या घरात फिनाईल मुळातच नको, पंजे चाटताना ते पोटात जातं आणि मांजराला विषारी असतं. ब्लीच वापरणार असाल तर संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये मिसळू नका, विषारी वायू निघतो.

हात साबण आणि वाहत्या पाण्याने वीस सेकंद, नखांखालीही. सॅनिटायझर अंड्यांवर चालत नाही.

पाचवी पायरी: खाणं

रविवारी मटणाच्या दुकानाबाहेर कुत्री जमतात आणि फुप्फुसाचे, काळजाचे तुकडे त्यांच्यापुढे फेकले जातात. देणाऱ्याच्या मनात दया असते, पण एकिनोकॉकसचं चक्र नेमकं तिथेच पूर्ण होतं. पाण्याची गाठ असलेलं काळीज कच्चं खाल्लं की सहा-सात आठवड्यांत कुत्र्याच्या शीतून अंडी पडू लागतात. घरच्या कुत्र्याला वजडी, काळीज, फुप्फुस द्यायचंच असेल तर लहान तुकडे करून किमान अर्धा तास उकळवा. भटक्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांनीही हाच नियम पाळावा, आणि खाटीकदादांना कच्चं न टाकण्याची विनंती करावी. ज्या कुत्र्याने असं कच्चं खाल्लंय, किंवा खात असण्याची शक्यता आहे, त्याला प्राझिक्वांटेल सहा आठवड्यांच्या अंतराने द्यायचं की नाही ते डॉक्टरांशी बोला. गोळी दिल्यानंतरचे दोन-तीन दिवस त्याची शी हातमोजे घालूनच उचला.

माणसांच्या ताटात पालेभाजीतून अंडी येऊ शकतात. पालक, मेथी शिजते, तिथे प्रश्न मिटतो. कोथिंबीर, पुदिना आणि सॅलडची पानं सुटी करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. मिठाच्या पाण्यात नुसती बुडवून ठेवल्याने अंडी मरत नाहीत.

बाग, वाळू आणि पाऊस

सोसायटीच्या खेळायच्या जागेतला वाळूचा खड्डा मांजरांना संडास म्हणून फार आवडतो. रात्री त्यावर ताडपत्री घट्ट बांधा, आणि ते करणारं कुणी नसेल तर वाळू काढून रबरी फरशी घाला. वाळू अधूनमधून उपसून कडक उन्हात पसरली तर हुकवर्मच्या अळ्या मरतात. गोल जंताची अंडी तेवढ्याने जात नाहीत.

सकाळी दवावर अनवाणी चाललं की डोळ्यांना चांगलं, असं मानून वाशीच्या सागर विहारात किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कात चपला हातात घेऊन चालणारी माणसं दिसतात. जिथे कुत्री-मांजरं फिरतात अशा गवतावर, विशेषतः पावसाळ्यात, हे करू नका. बसायचं असेल तर सतरंजीऐवजी प्लॅस्टिकची चटई घ्या, ओल कापडातून वर येते.

पिल्लू सोसायटीच्या बागेत फिरवायला नेण्याआधी किमान दोन डोस झालेले असू द्या.

घरात मांजर आणि गर्भवती स्त्री

टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीमुळे ही भीती आहे, आणि ती निराधार नाही: गर्भारपणात पहिल्यांदाच लागण झाली तर गर्भाला इजा होऊ शकते. पण मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे, तो शीतून टाकतं, आणि टाकलेला भाग बाधायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे पेटी रोज, घरातल्या दुसऱ्या कुणी साफ केली तर मांजर घरात ठेवता येतं. त्याला कच्चं मांस देऊ नका, उंदीर-पाखरं मारायला बाहेर सोडू नका. गर्भवतीने कुंडीतली माती उकरताना हातमोजे घालावेत, मटण पूर्ण शिजलेलंच खावं. अर्धवट शिजलेलं मांस आणि न धुतलेली भाजी हे लागणीचे मार्ग मांजराइतकेच महत्त्वाचे आहेत. आधी लागण होऊन गेली आहे का, ते रक्ताच्या तपासणीतून कळतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत घरात मांजर असल्याचं सांगा.

माणसाला त्रास झाला तर

दरवर्षी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी मिळते. ती मुलांना जरूर घेऊ द्या. पण ती माणसाच्या आतड्यातल्या जंतांसाठी आहे. भरकटलेली टॉक्सोकाराची अळी किंवा यकृतातली गाठ त्या एका गोळीने बरी होत नाही.

पायावर सरकणारी खाजरी रेघ दिसली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मेडिकलमधून नायट्याचं म्हणून आणलेलं, स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावून आठवडे घालवू नका. योग्य गोळीने रेघ काही दिवसांत थांबते.

माती खाणारं मूल, लांबलेला ताप, खोकला किंवा दम्यासारखी घरघर, पोटदुखी, आणि रक्ताच्या तपासणीत इओसिनोफिल (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) खूप वाढलेले: हे एकत्र दिसलं तर डॉक्टरांना सांगा की घरात किंवा खेळायच्या जागेत पिल्लं आहेत. शीची तपासणी ठीक आली तरी टॉक्सोकाराची रक्ततपासणी करायची का, असं स्पष्ट विचारा. एका डोळ्याने कमी दिसणं, नव्याने आलेला तिरळेपणा, फोटोत बुबुळात पांढरी चकाकी दिसणं, यातलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात डोळ्यांचे डॉक्टर गाठा. पांढऱ्या चकाकीमागे जंताहून गंभीर कारणंही असतात. बाळाच्या लंगोटात तांदळासारखे तुकडे आले तर एक तुकडा थोड्या पाण्यासह डबीत घालून बालरोगतज्ज्ञांकडे न्या. नुसत्या वर्णनावरून ते सुतासारखे जंत समजले जातात आणि पट्टकृमीवर न चालणारं औषध दिलं जातं.

घरात कुणी केमोथेरपी घेत असेल, अवयव प्रत्यारोपण झालं असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या लांब काळ सुरू होणार असतील, तर उपचार सुरू व्हायच्या आधी प्राण्याची शी तपासून घ्या आणि त्या माणसाच्या डॉक्टरांना प्राण्याबद्दल सांगा. स्ट्राँजिलॉइड्स नावाचा एक बारीक जंत माणसात आणि कुत्र्यात दोन्हीकडे राहतो, आणि लपून बसलेला असताना स्टेरॉइड सुरू झाले तर तो सगळ्या शरीरभर पसरू शकतो. ती तपासणी स्टेरॉइडच्या पहिल्या गोळीआधी व्हायला हवी. डॉक्टरांकडे जाताना प्राण्याची डीवर्मिंगची पुस्तिका बरोबर न्या: शेवटचा डोस कधी, कोणत्या औषधाचा, किती वजनाला, हे तिथेच लिहिलेलं असतं.